रेस दिली की मान टाकणारी जुनी चेनसॉ
चेनसॉ सुरू होते, आयडलिंगला टिकते, रेस दिली की बंद पडते आणि अर्धा चोक ओढला की चालते, असं तुम्ही लिहिलंय. या शेवटच्या वाक्यातच दुखणं सापडतं. चोक हवा रोखतो. हवा रोखल्यावर इंजिन सुधारतं, म्हणजे त्याला पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. कृपा करून अशा अवस्थेत एकही लाकूड कापू नका. चेनसॉच्या टू-स्ट्रोक इंजिनला वंगण पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच मिळतं. पेट्रोल कमी तर तेलही कमी, आणि पिस्टन जाम व्हायला तेवढं पुरतं.

कार्ब्युरेटरवरचे (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागावरचे) एच आणि एल स्क्रू, म्हणजे जास्त आणि कमी वेगाचं पेट्रोल ठरवणारे, तुम्ही आधीच फिरवलेत. आता ते हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्या, साधारण एकेक फेरा बाहेर आणा आणि तसेच राहू द्या. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो धरा.

सुरुवात टाकीपासून करा. तारेच्या आकड्याने पेट्रोलचा फिल्टर बाहेर ओढून बदला. पेट्रोलची नळी वाकवून पाहा. टाकीच्या भोकातून जाते नेमकी तिथे ती चिरते. मी एकदा कार्ब्युरेटर तीनदा उघडला होता आणि दोष त्या केसाएवढ्या चिरेत निघाला. टाकीचं झाकण सैल केल्यावर मशीन सुधारली तर टाकीत हवा जायची वाट तुंबलीय.

मगच कार्ब्युरेटर. त्यात दोन पडदे असतात. पंपाचा पडदा क्रँककेसमधल्या (पिस्टनखालच्या बंद कप्प्यातल्या) दाबाच्या धक्क्यांवर हलतो, मीटरिंगचा (पेट्रोल मोजून सोडणारा) पडदा सुईची झडप उघडतो. दोन्ही मऊ हवेत. बोटात कुरकुरले की बाद. पंपाच्या बाजूला एक बारीक जाळी असते, ती हमखास विसरली जाते. गॅस्केटचा (सांध्यांमधल्या पातळ पट्ट्यांचा) क्रम उघडतानाच फोटोत टिपा. जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक भोकात) तार घालू नका.

नवे पडदे बसवूनही रेस सोडल्यावर इंजिन लवकर खाली येत नसेल, किंवा मशीन आडवी केल्यावर आयडलिंग बदलत असेल, तर कुठून तरी हवा शिरत असेल; क्रँकशाफ्टचे (इंजिनच्या मुख्य दांड्याचे) सील आणि कार्ब्युरेटरमागचा रबरी बूट तपासा. प्रेशर टेस्ट (इंजिनात हवा भरून गळती शोधणं) करून घेतलीत तर उत्तम. गळती तशीच ठेवून एच स्क्रू उघडत बसलात तर पिस्टन जाईल.

हे सगळं झालं की इंजिन गरम करून, एअर फिल्टर स्वच्छ ठेवून एच स्क्रू असा लावा: पूर्ण रेसला मोकळ्यात आवाज थोडा फडफडता, लाकडात शिरताच स्वच्छ.