कोरल वाढलं म्हणता, मग लगेच घटलं कसं?

प्रश्न: 2022 ला बातमी होती की ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर (समुद्रातली प्रवाळांची भलीमोठी रांग) 36 वर्षांतलं सगळ्यात जास्त कोरल, म्हणजे प्रवाळ, आहे आणि 2025 ला तीच संस्था म्हणते जोरदार घट झाली. माझा भाऊ म्हणतो ही सगळी फंड मिळवायची नाटकं. हे लोक नक्की मोजतात तरी कसं?
– एक वाचक, मालवण

उत्तर: भावाला म्हणावं, नाटकंच करायची असती तर 2022 चा आकडा दाबून टाकला असता की! दोन्ही बातम्या खऱ्या आहेत, फक्त 2022 चा उच्चांक उत्तर आणि मध्य भागातला होता, दक्षिणेतला नाही, हे बऱ्याच मथळ्यांनी खाल्लं.

मोजणी करते ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्स, 1980 च्या दशकाच्या मध्यापासून. पद्धत ऐकून हसाल. बोटीच्या मागे दोरी, दोरीला फळी, फळी धरून एक माणूस तोंडाला स्नॉर्केल लावून पालथा. बोट हळूहळू रीफच्या कडेने दोन मिनिटं ओढते, थांबते, हा माणूस पाण्यातच फळीवरच्या कागदावर लिहितो की जिवंत कोरल अंदाजे किती, मेलेलं किती, कोरल खाणारे ते काटेरी क्राउन ऑफ थॉर्न्स तारामासे किती दिसले, आणि परत दोन मिनिटं, असं करत अख्ख्या रीफला फेरी. नजरेचा अंदाज आहे, मान्य, पण निरीक्षकांना आधी ट्रेनिंग देऊन सगळ्यांची नजर एका मापावर आणतात. शिवाय काही रीफवर 50 मीटरच्या कायमच्या खुणा केलेल्या रेषा आहेत, तिथे डुबकी मारून त्याच रेषेवर दर वेळी फोटो काढतात आणि फोटोतल्या ठरावीक ठिपक्यांखाली काय आहे ते ओळखतात.

आता खरी गोम. टक्केवारी फक्त तळाचा किती भाग जिवंत कोरलने झाकलाय ते सांगते, कुठलं कोरल ते नाही. 2022 ची वाढ मुख्यतः अॅक्रोपोराची, म्हणजे फांद्यांचं आणि टेबलासारखं पसरणारं कोरल, भराभर वाढतं पण उष्णतेत आधी पांढरं पडतं, वादळात मोडतं आणि त्या तारामाशांचं आवडतं खाणं पण तेच. मग 2024 च्या उन्हाळ्यात मोठं ब्लीचिंग, म्हणजे उष्णतेने कोरल पांढरं पडणं, झालं, त्याच्या आगेमागे जॅस्पर आणि किरिली ही चक्रीवादळं, आणि दक्षिणेत एका वर्षात जवळपास 39 टक्क्यांवरून 27 वर, उत्तरेत 40 वरून 30 वर. पटकन चढलेलं पटकन उतरलं, यात लबाडी कसली?

आणि दोनच वर्षं बघून काही कळत नाही हो. 1985 ते 2012 चा रेकॉर्ड एकत्र मांडला तेव्हा कव्हर, म्हणजे जिवंत कोरलने झाकलेला भाग, 28 टक्क्यांवरून 14 च्या आत आलेलं दिसलं, त्यात वादळं आणि तारामासे यांचा वाटा ब्लीचिंगपेक्षा कितीतरी मोठा निघाला, जे त्या वेळी अनेकांना अनपेक्षित होतं. 2016 पासून मात्र 2017, 2020, 2022, 2024 अशी ब्लीचिंगची रांगच लागलीय, मधे सावरायला वेळच नाही.

आपल्याकडे असं काम बघायचं तर लक्षद्वीप, तिथे नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचे लोक 1998 च्या ब्लीचिंगपासून त्याच बेटांच्या रीफवर परत परत उतरतायत. 2010 आणि 2016 ला पुन्हा फटके बसले, आणि 24 वर्षांत कोरल साधारण निम्म्यावर आलं. ही बातमी कितीशी वाचली कोणी?