रेडिओ स्कॅनर घेतलास? आधी गच्चीवर जा

स्कॅनर म्हणजे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी चाळून ऐकवणारा रेडिओ. त्यासाठी पहिला खर्च अँटेनावर कर. सोबत मिळणारी छोटी दांडी खिडकीत ठेवलीस, तर इंदूरच्या सुदामानगरच्या दाट वस्तीत फारसं काही हाती लागणार नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन सळ्या घे, प्रत्येकी साधारण ४९ सेंमी. एका रेषेत उभ्या लाव, मधे थोडी फट ठेव. वरच्या सळीला केबलची मधली तार, खालच्या सळीला बाहेरची जाळी. झाली १४५ मेगाहर्ट्झची अँटेना! पाण्याच्या टाकीपासून लांब बसव, केबल आखूड ठेव आणि जोडावर टेप घट्ट गुंडाळ. पावसाळ्यात पाणी तिथूनच शिरतं.

यूएसबी डोंगल (संगणकाला लावायचा छोटा रिसीव्हर) वापरत असशील तर गेन, म्हणजे सिग्नल किती मोठा करायचा ते, एकदम पूर्ण वाढवू नकोस. इंदूरचं ९८.३ एफएम स्टेशन मग नको तिथेही वाजायला लागतं. खरखर आली तर घरातले एलईडी दिवे आणि चार्जर एकेक करून बंद करून बघ, चोर बहुतेक तिथेच सापडतो.

१४४ ते १४६ मेगाहर्ट्झमध्ये हॅम मंडळी, म्हणजे छंद म्हणून वायरलेसवर बोलणारे परवानाधारक, भेटतील; स्कॅनरचा मोड एफएम ठेव. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून जाताना १४५.८०० लाव. प्रक्षेपण चालू असेल तर मिळतात जेमतेम दहा मिनिटं. स्थानक जवळ येताना सिग्नल १४५.८०० पेक्षा साधारण साडेतीन किलोहर्ट्झ वर सापडतो, जाताना तेवढाच खाली. ते पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो, खरंच.

पोलिसांच्या वायरलेसच्या वाटेला मात्र जाऊ नकोस, ते कायद्यात बसत नाही. स्वतः बोलायचं असेल तर हॅमची परीक्षा देऊन परवाना काढ.