नागीण बरी झाली, वेदना मात्र राहिली

प्रश्न : माझ्या आईचे वय ७४ आहे. चार महिन्यांपूर्वी तिला छातीच्या डाव्या बाजूला नागीण झाली. फोड सुकले, खपल्याही पडल्या. परंतु त्या जागी अजून आग होते. अंगावरचा कपडा बोटांनी उचलून धरून ती बसते आणि पंख्याचा वाराही तिला सोसत नाही. त्वचा बरी दिसत असल्यामुळे घरातील काहींना हे मनाचे खेळ वाटतात. मी ५३ वर्षांची आहे. मी लस घ्यावी का?

उत्तर : आपल्या आईंची वेदना खरी आहे, हे घरातील सर्वांना आधी सांगा. लहानपणी कांजिण्या झाल्या की त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. मज्जारज्जूलगतच्या चेतापेशींच्या गाठींत तो अनेक दशके निपचित राहतो आणि वयोमानाने प्रतिकारशक्ती उणावली की चेतातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो; हीच नागीण. म्हणूनच पुरळ बहुधा एकाच बाजूला, पट्ट्यासारखे उठते. या वाटेत चेतातंतूलाच इजा होते. त्वचा भरून आली तरी तो तंतू नुसत्या स्पर्शालाही वेदना म्हणून कळवत राहतो. तीन महिन्यांनंतरही टिकणाऱ्या या दुखण्याला ‘पोस्ट-हर्पेटिक न्यूराल्जिया’ म्हणतात. साठीनंतर त्याचे प्रमाण वाढते, आणि झोप उडणे, भूक मंदावणे, घराबाहेर पडणे थांबणे हा या आजाराचा खरा भार आहे, असे मला वाटते.

नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा येथे फारसा उपयोग होत नाही. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन यांसारखी औषधे डॉक्टर देतात; मात्र त्यांनी गुंगी येऊन वृद्ध व्यक्ती पडू शकते, त्यामुळे मात्रा अल्प प्रमाणात सुरू करून, मूत्रपिंडाचे कार्य पाहूनच वाढवावी लागते.

कोणालाही नागीण झाली, तर विषाणूरोधक गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू करणे सर्वांत हिताचे असते. पुरळ कपाळावर, डोळ्याभोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर असेल, तर दृष्टीला धोका संभवतो. तेव्हा त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

आपण लस अवश्य घ्यावी. पन्नाशीपुढील व्यक्तींसाठी असलेल्या रिकॉम्बिनंट (विषाणूतील प्रथिन प्रयोगशाळेत बनवून तयार केलेल्या) लसीत जिवंत विषाणू नसतो आणि चाचण्यांत सत्तरीपुढेही तिचे संरक्षण सुमारे ९० टक्के आढळले आहे. आईंची सध्याची वेदना लसीने जाणार नाही, परंतु नागीण पुन्हा होऊ शकते, म्हणून त्यांनीही डॉक्टरांशी बोलावे. दोन मात्रांत दोन ते सहा महिन्यांचे अंतर असते. पहिल्या मात्रेनंतर एक-दोन दिवस दंड दुखला किंवा कणकण आली, एवढ्यावरून दुसरी मात्रा टाळू नये.