वजू शिकताना घाई नको

अरे, पहिल्याच आठवड्यात वजू, म्हणजे नमाजाआधीचं हात-तोंड-पाय धुणं, सगळं अचूक जमायला हवं असं कोणी सांगितलं तुला? आधी फर्ज, म्हणजे सक्तीच्या गोष्टी, पक्के कर. कुराणातल्या सूरह माइदाच्या 6 व्या आयतीत चार गोष्टी आहेत: चेहरा धुणं, कोपरांसह हात धुणं, डोक्याचा मसह (ओला हात फिरवणं) आणि घोट्यांसह पाय धुणं. गुळणा करणं, नाकात पाणी घेणं, प्रत्येक अवयव तीनदा धुणं ही सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत, सक्ती नव्हे. वेळ कमी असेल तर एकदा धुतलेलंही चालतं, पण कोरडी जागा राहिलेली चालत नाही. नवशिक्यांची टाच हमखास कोरडी राहते, कोपराची मागची बाजूही. अंगठी घट्ट असेल तर फिरवून घे. मेंदीचा रंग चालतो, नेलपॉलिशचा थर मात्र पाणी अडवतो.

कोकणातले आपले बरेच लोक शाफई, घाटावर बहुतेक हनफी; धर्मनियमांच्या या दोन वेगळ्या परंपरा. म्हणून गोंधळ होतो. शाफईंकडे नियत (मनातला इरादा) आणि क्रम हेही फर्ज, म्हणजे एकूण सहा. हनफींकडे जखमेतून रक्त वाहिलं की वजू तुटतो, शाफईंकडे नाही. दोघांचं ऐकून मिसळ करू नकोस. घरी जो मसलक, म्हणजे जी परंपरा, आहे तो धर.

आणि नळ जरा बारीक सोड! पैगंबर एका मुद्द पाण्यात, म्हणजे साधारण पाऊण लिटरात, वजू करत. मी स्वतः कित्येक वर्षं बादली रिकामी करायचो.

वजू तुटला की नाही अशी नुसती शंका आली, तर तो आहेच असं समज आणि नमाजला उभा राहा.