कोळसा तापवला की त्यातला गंधक कुठे जातो?

प्रश्न: आमच्या दगडी कोळशात एकूण गंधक 2 टक्के आहे. नायट्रोजनच्या प्रवाहात 600 अंश सेल्सिअसला तासभर तापवल्यावर उरलेल्या कोकमध्ये (वायू आणि डांबर निघून गेल्यावरचा घन भाग) 1.8 टक्के आढळला. म्हणजे गंधक जवळजवळ निघालाच नाही का?

उत्तर: निघाला आहे. कोळशाचे वजनही घटले आहे, हे मात्र हिशेबातून सुटले. 100 ग्रॅम कोळशामागे 70 ग्रॅम कोक उरला असेल, तर त्यात गंधक 1.26 ग्रॅम. मूळ 2 ग्रॅमपैकी 0.74 ग्रॅम, म्हणजे 37 टक्के गंधक वायूत आणि डांबरात गेला. कोकचे वजन न नोंदवता केवळ टक्केवारी ताडून पाहणे निरर्थक आहे.

उरलेला का उरला, ते गंधकाच्या रूपावर ठरते. पायराइट या कोळशातल्या खनिजामध्ये लोखंडाच्या एका अणूमागे गंधकाचे दोन अणू असतात. तापल्यावर त्यातला एकच सहज सुटतो, दुसरा लोखंडाच्या सल्फाइडमध्ये अडकून राहतो. तेव्हा 600 अंशांना पायराइट पूर्ण विघटित झाले तरी त्यातला साधारण अर्धा गंधक कोकमध्येच असणार. शुद्ध पायराइट निष्क्रिय वायूत साधारण 500 ते 550 अंशांच्या पुढे फुटते. कोळशात ते त्याआधीच सुरू होते, कारण कोळशातून निघणारा हायड्रोजन सुटलेल्या गंधकाला पकडून हायड्रोजन सल्फाइड बनवतो. उरलेल्या लोह सल्फाइडमधला गंधक काढायला बरेच जास्त तापमान आणि भरपूर हायड्रोजन लागतो.

सेंद्रिय गंधक, म्हणजे कोळशाच्या कार्बनी रेणूंत बांधलेला गंधक, एकजिनसी नसतो. थायॉल, डायसल्फाइड आणि सरळ साखळीतले सल्फाइड 300 ते 500 अंशांच्या दरम्यान तुटतात. थायोफीनसारख्या वलयांतला गंधक हट्टी. त्याचा काही भाग बेंझोथायोफीन वगैरे रूपांत डांबरासोबत बाहेर पडतो, बाकीचा 900 अंशांनंतरही कोकमध्ये सापडतो.

प्रश्न: मग तापमान वाढवत नेले तर गंधक कमी होत जाईल ना?

उत्तर: काही प्रमाणात. पण सुटलेला गंधक परतही चिकटतो, आणि इथेच बहुतेकांचे अंदाज चुकतात. हायड्रोजन सल्फाइड तापलेल्या थरातून वर जाताना कार्बनशी संयोग पावून नवी, स्थिर थायोफीन वलये बनवतो. राखेत चुना असेल तर कॅल्शियम सल्फाइड तयार होते. मुळातले कॅल्शियम सल्फेटही उच्च तापमानाला कार्बनमुळे क्षपण होऊन (ऑक्सिजन गमावून) त्याच सल्फाइडमध्ये बदलते. चुनखडीयुक्त कोळशाच्या वायूत गंधक कमी दिसला म्हणून आनंद मानू नका, तो कोकमध्ये गेलेला असतो. वायू हवा असेल तर हे सोयीचे, कोक हवा असेल तर नुकसानीचे.

गंधक बाहेर काढायचाच असेल तर थर पातळ ठेवा, कण बारीक घ्या आणि वाहक वायूचा वेग वाढवा, म्हणजे हायड्रोजन सल्फाइडला परत चिकटायला वेळ मिळत नाही. नायट्रोजनऐवजी हायड्रोजन वापरल्यास फरक ठळक पडतो, मात्र नळीतली हवा आधी पूर्ण घालवली नाही तर स्फोट होऊ शकतो.

प्रश्न: कोकमधल्या गंधकाची रूपे नेहमीच्या पद्धतीने तपासली. सेंद्रिय गंधक कोळशापेक्षा वाढलेला दिसतो. हे शक्य आहे का?

उत्तर: थोडी वाढ खरी असू शकते, कारण वर सांगितल्याप्रमाणे गंधक कार्बनला चिकटतो. पण आधी पद्धत तपासा. कोळशासाठीच्या पद्धतीत विरल हायड्रोक्लोरिक आम्लात सल्फेट उतरते, मग विरल नायट्रिक आम्लात पायराइट उतरते, आणि एकूणातून ही दोन वजा करून सेंद्रिय गंधक काढतात. कोकमधले लोह सल्फाइड आणि कॅल्शियम सल्फाइड पहिल्याच आम्लात विरघळतात. त्यांचा गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन उडून जातो आणि कुठेच मोजला जात नाही. वजाबाकीत तो सगळा सेंद्रियाच्या नावावर चढतो.

यासाठी हायड्रोक्लोरिक आम्लाची उकळी बंद फ्लास्कमध्ये, नायट्रोजनच्या मंद प्रवाहात द्या. निघणारा वायू झिंक अॅसिटेटच्या द्रावणातून सोडा आणि आयोडीनने अनुमापन (टायट्रेशन) करा. हा झाला सल्फाइडचा गंधक. गाळून उरलेल्या चोथ्यातले लोखंड नायट्रिक आम्लात उतरवून मोजा आणि 1.148 ने गुणा. हा पायराइटचा गंधक. गंधक थेट न मोजता लोखंडावरून काढायचा, कारण नायट्रिक आम्ल थोडा सेंद्रिय गंधकही विरघळवते.

प्रश्न: कोक, डांबर आणि वायू मिळून गंधकाची बेरीज 100 टक्के भरत नाही. कुठे पाहावे?

उत्तर: आधी नळ्या पाहा. तांबे आणि पितळ हायड्रोजन सल्फाइड खातात, तापलेले पोलादही. क्वार्ट्झ, काच आणि टेफ्लॉन वापरा. थंड सापळ्यात जमलेल्या पाण्यात अमोनिया असतो, त्यात बराच हायड्रोजन सल्फाइड विरघळून राहतो. ते पाणी फेकू नका, तपासा. शिवाय कार्बोनिल सल्फाइड आणि थायोफीन झिंक अॅसिटेटमध्ये नीट अडकत नाहीत. त्यांच्यासाठी वायूचा नमुना गंधकाला प्रतिसाद देणारा शोधक बसवलेल्या गॅस क्रोमॅटोग्राफवर घ्यावा लागतो.

आणि गळतीसाठी नाकावर विसंबू नका. हायड्रोजन सल्फाइड दशलक्ष भागांत 100 भागांच्या आसपास पोचला की वास येणेच बंद होते. सांध्यांजवळ लेड अॅसिटेटचा ओला कागद धरा, काळा पडला की भट्टी बंद करा.