मुलगी शांत झाली, हीच माझी काळजी

प्रश्न : आम्ही कराडला राहतो. मुलगी अकरावी सायन्सला आहे, दहावीला ९३ टक्के होते. कम्प्युटर इंजिनीअरिंग ठरलं आहे, क्लासही लावला आहे. पण तिला विज्ञानकथा वाचायचं आणि लिहायचं वेड लागलंय. सुट्टीत यंत्रमानवांचे, अवकाशयानांचे सिनेमे बघत बसते. पहिल्या चाचणीत फिजिक्सला ५० पैकी २९ पडले. मी तिच्या वह्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या, वाचनालय बंद केलं. गणपतीत पाहुण्यांसमोर तिची एक गोष्ट वाचून दाखवली, म्हटलं लाजेने तरी नाद सुटेल. आता ती शांत झाली आहे, उलट उत्तर देत नाही. पण अभ्यासातही लक्ष दिसत नाही. लेखक होऊन पोट भरत नाही, हे तिला समजावून सांगा. तिच्या गोष्टीची दोन पानं सोबत जोडली आहेत. – एक पालक

उत्तर : तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला सारखं टोचतंय. ‘आता ती शांत झाली आहे.’ तुम्ही ते सुधारणा झाल्यासारखं लिहिलंय. मला त्याची भीती वाटते. सोळा वर्षांची मुलगी वाद घालते, दार आपटते, रुसते, तोवर तिला तुमच्याकडून काहीतरी हवं असतं. तिने बोलणंच सोडलं, याचा अर्थ तुमच्याकडून तिला आता काही मिळेल असं वाटत नाही. जेवते का नीट? झोप लागते का? मैत्रिणींशी बोलते का? हे आजपासून बघा. पंधरा दिवसांत फरक दिसला नाही, किंवा त्याआधीच तिच्या तोंडी निराशेची भाषा आली, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला कचरू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांकही आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

आणि गणपतीतला प्रसंग. मुलीने कुणालाही न दाखवलेलं लिखाण काका-आत्यांसमोर मोठ्याने वाचणं ही शिस्त नव्हे, तो अपमान आहे. तुमचा हेतू चांगला असेल, पण तिने ऐकलं ते पाहुण्यांचं हसू. तुम्ही तिची माफी मागायला हवी, तीही ‘पण तूसुद्धा अभ्यास कर’ असं शेपूट न जोडता. वह्या आज रात्रीच परत द्या. अमुक गुण पडले तरच, अशी अट घालू नका.

तुम्ही जोडलेली पानं मी वाचली. गोष्टीत काय आहे ते इथे लिहिणार नाही, कारण ती पाठवताना तुम्ही तिला विचारलेलं दिसत नाही. पण समासात पेन्सिलीने केलेल्या आकडेमोडीविषयी बोलायलाच हवं. भूकंपाच्या प्राथमिक लहरी सेकंदाला ६ किलोमीटर, दुय्यम लहरी ३.५ किलोमीटर. दोन्ही पोहोचण्यात ५ सेकंदांचा फरक, तर भूकंपाचं केंद्र किती दूर? पहिल्यांदा तिचं उत्तर चुकलंय. ते खोडून तिने पुन्हा मांडलंय : ४२ किलोमीटर. बरोबर आहे. पहिल्या लहरींना ७ सेकंद, दुसऱ्यांना १२. हे तिला कुणी गृहपाठ म्हणून दिलेलं नव्हतं. गोष्टीतला तपशील खोटा ठरू नये म्हणून ती हे करत बसली होती. चाचणीत २९ गुण मिळवणारी आणि हे गणित सोडवणारी मुलगी एकच आहे. फिजिक्स तिला जमत नाही, असं मी कशावरून म्हणू?

तुमच्या पत्रातला मोठा गैरसमज इथेच आहे. विज्ञानकथा आणि विज्ञान एकमेकांच्या वाटेत येतात, असं तुम्ही धरून चाललाय. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने आलेल्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. ती पाठवणारे होते जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नावाचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये म्हणून त्यांनी आद्याक्षरं उलटी केली आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. तेव्हा ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते. ज्या फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला, तेही विज्ञान कादंबऱ्या लिहायचे. पुढे पुण्यात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभारतानाही नारळीकरांनी लिहिणं सोडलं नाही आणि २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. बाळ फोंडके भाभा अणुसंशोधन केंद्रात संशोधक होते, सुबोध जावडेकर केमिकल इंजिनीअर. मराठी विज्ञानकथा मोठ्या प्रमाणात अशाच माणसांनी लिहिली आहे.

पैशांबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. मराठीत निव्वळ कथा लिहून घर चालवणं फार थोड्यांना जमतं, आणि हे तिलाही कळायला हवं. पण म्हणून तिने नोकरी-व्यवसायाची सोय बघावी. लिहिणं सोडण्याचं ते कारण होत नाही.

इंजिनीअरिंगसाठी जेईई आणि एमएचटी-सीईटी तुम्हाला ठाऊक आहेतच. मूलभूत विज्ञानासाठी ‘आयसर’ या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची आयएटी ही प्रवेशपरीक्षा असते आणि पुण्याच्या आयसरमध्ये भूविज्ञानही शिकवतात. पटकथालेखन शिकायचं ठरवलं तर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटला कोणत्याही शाखेची पदवी चालते, त्यामुळे आज काहीच सोडावं लागत नाही. ‘कम्प्युटर इंजिनीअरिंग ठरलं आहे’ असं तुम्ही लिहिता, ते कुणी ठरवलं ते लिहीत नाही. कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची भूभौतिकी प्रयोगशाळा आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर कोयना जगभरच्या अभ्यासाचा विषय झाली, आणि त्याच अभ्यासासाठी तिथे ३ किलोमीटर खोल विंधनविवर खणलं गेलं. हजारमाचीच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांना भेटायची परवानगी मागा आणि तिला घेऊन जा. तुमच्या तालुक्यात हे काम चालतं, हे तिला अजून कुणी सांगितलंच नसेल.

तिच्यासाठी दोन शब्द, तिला वाचायला द्या. बाळ, रोज अर्धा तास ठरवून लिही आणि वेळ संपली की वही मिट. अर्धवट दहा गोष्टींपेक्षा एक पूर्ण कर. पूर्ण झाल्यावर आठवडाभर बघू नकोस, मग मोठ्याने वाच. जिथे पात्रं एकमेकांना विज्ञान शिकवायला लागतात, तिथे निर्दयपणे काट मार. मराठी विज्ञान परिषदेची कथास्पर्धा आजही असते. पाठवायची की नाही ते तू ठरव.

राहिले ते २९ गुण. उत्तरपत्रिका घेऊन तिच्याशेजारी बसा आणि गुण कुठे गेले ते तिलाच विचारा. गणितं चुकली, की पेपर पुरा झाला नाही, की क्लासचा वेग झेपत नाही? प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. ते कळलं की मला पुन्हा लिहा. या वेळी पत्र दोघांनी मिळून लिहा.