ऑफिसच्या फोनवर खासगी व्हॉट्सअ‍ॅप वापरलं तर कंपनीला मेसेज दिसतात का?

वाटेत कोणी वाचू शकत नाही, हे खरं. व्हॉट्सअ‍ॅपवर २०१६ पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे. पण ते वाटेपुरतंच. फोनवर पोचलेला मेसेज उघडाच असतो, आणि फोन कंपनीचा! सेटिंग्जमध्ये डिव्हाइस संस्थेच्या ताब्यात असल्याची ओळ दिसली, की समजा आयटीवाले दुरून अ‍ॅप टाकू शकतात, अख्खा फोन पुसूही शकतात. माझ्या जुन्या नोकरीत राजीनाम्याच्या संध्याकाळी फोन कोरा झाला. आईचे व्हॉइस मेसेज त्यातच गेले.

खासगी नंबर त्या फोनवर नकोच. ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडं राहिलंय का, तेही फोनवरच्या व्हॉट्सअ‍ॅपमधल्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये बघा. लॅपटॉपवर लॉग-आउट करायचं हमखास विसरतं.